रुपयाचे अवमूल्यन आणि आपली पुंजी



रुपयाची किंमत उतरल्याची बातमी आली की आपल्या भागात दोन प्रश्न हटकून ऐकू येतात. पहिला, "आता नोटा बदलून घ्याव्या लागतील काय?" आणि दुसरा, "बँकेतील पैसे काढून सोने घ्यावे काय?" पांढुर्ण्याच्या बाजारात, सौसरच्या बसस्थानकावर, एवढेच नव्हे तर शाळेतील शिक्षकांच्या खोलीतही हे प्रश्न विचारले जातात. दोहोंच्या मुळाशी भीती एकच आहे. कापसाच्या चुकाऱ्यातून, संत्र्याच्या बहारातून किंवा महिन्याच्या पगारातून पोटाला चिमटा घेऊन बाजूस ठेवलेली पुंजी रातोरात नाहीशी तर होणार नाही ना? ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु धोका जिकडून येतो तिकडे आपले लक्ष नसते, आणि जिकडे तो नाही तिकडे आपण धाव घेतो. म्हणून आज या विषयाचा थोडा शांतपणे विचार करू.

प्रथम तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत. सरकार एखाद्या नोटेचा चलन म्हणून असलेला कायदेशीर दर्जा काढून घेते, त्यास निश्चलनीकरण किंवा नोटाबंदी म्हणतात. आपल्या देशात ते १९४६ व १९७८ च्या जानेवारीत आणि २०१६ च्या नोव्हेंबरात झाले. त्यात विवक्षित नोटा बाद ठरतात. दुसरी गोष्ट भाववाढ. येथे नोट तीच आणि तिच्यावरील आकडाही तोच; पण तिच्या मोबदल्यात मिळणारी ज्वारी, तेल, कापड वर्षागणिक कमी होत जाते. तिसरी गोष्ट अवमूल्यन. डॉलर, पौंड इत्यादी परदेशी नाण्यांच्या तुलनेत आपल्या रुपयाची ठरवून दिलेली किंमत सरकार स्वतः खाली आणते, त्याचे नाव अवमूल्यन. यात कोणतीही नोट बाद होत नाही, आणि बँकेच्या पुस्तकातील आकडाही बदलत नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. अवमूल्यनामुळे नोटा बदलाव्या लागत नाहीत.

मग सरकार असे पाऊल उचलते तरी का? देशाला खनिज तेल, खते, यंत्रे अशा कितीतरी वस्तू परदेशांतून आणाव्या लागतात आणि त्यांची किंमत डॉलरमध्ये चुकवावी लागते. हे डॉलर आपला माल बाहेर विकून मिळतात. विक्री थोडी आणि खरेदी फार, असे पुष्कळ दिवस चालले की परकीय चलनाची गंगाजळी आटू लागते. अशा वेळी रुपया स्वस्त केला, तर आपला माल परदेशी गिऱ्हाइकास स्वस्त पडावा, त्याची विक्री वाढावी, आणि परदेशी माल आपणांस महाग पडून त्याची खरेदी घटावी, असा हिशेब असतो. तो नेहमीच जमतो असे मात्र नाही.

स्वतंत्र भारतात ठळक अवमूल्यने तीन झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडने पौंडाची किंमत उतरविली, तिच्याबरोबर आपणही रुपयाची किंमत सुमारे साडेतीस टक्क्यांनी उतरविली. पाकिस्तानने त्या वेळी आपल्या रुपयाचे अवमूल्यन केले नाही. त्यामुळे तेथून येणारा ताग व कापूस आपल्या गिरण्यांना एकाएकी महाग झाला. दुसरे आणि अधिक गाजलेले अवमूल्यन ६ जून १९६६ रोजी झाले. १९६२ व १९६५ ची युद्धे, १९६५ चा दुष्काळ, अमेरिकेच्या गव्हावरील अवलंबन आणि युद्धानंतर आखडलेली परदेशी मदत अशा कोंडीत देश सापडला होता. इंदिरा गांधी पंतप्रधान आणि सचिंद्र चौधरी अर्थमंत्री असताना हा निर्णय जाहीर झाला. आदल्या दिवसापर्यंत ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर ७ रुपये ५० पैशांचा झाला.

या घटनेविषयी कोणी साडेसत्तावन्न टक्के म्हणतो, तर कोणी साडेछत्तीस. वर्गात हा आकडा निघाला की मुले बुचकळ्यात पडतात. वस्तुतः दोन्ही आकडे बरोबर आहेत. ४.७६ चे ७.५० झाले, म्हणजे डॉलर साडेसत्तावन्न टक्क्यांनी महाग झाला. आता हाच हिशेब रुपयाच्या बाजूने करा. पूर्वी शंभर रुपयांत २१ डॉलर येत. नंतर १३ डॉलर ३३ सेंट येऊ लागले. म्हणजे रुपयाची बाहेरची किंमत साडेछत्तीस टक्क्यांनी घटली. एकाच घटनेकडे दोन बाजूंनी पाहिल्यामुळे आकडे निराळे दिसतात. बातमी वाचताना कोणत्या बाजूने मोजले आहे, हे आधी पाहावे.

आता पुंजीकडे वळू. ५ जून १९६६ रोजी ज्याच्या पोस्टातील पुस्तकावर हजार रुपये होते, त्याच्या पुस्तकावर ६ जूनलाही हजारच होते. पांढुर्ण्याच्या बाजारात त्या हजारांची जेवढी ज्वारी आदल्या दिवशी मिळत होती, तेवढीच दुसऱ्या दिवशीही मिळत होती. पुढे भाव चढले हे खरे. १९६६-६७ आणि १९६७-६८ या दोन्ही वर्षी घाऊक भाव दहा टक्क्यांहून अधिक वाढले. परंतु ओळीने दुसऱ्या वर्षीही पाऊस दगा देऊन गेला होता, हे त्याचे मोठे कारण होते. याच्या उलट १९७४ साली पाहा. अवमूल्यनाची कोणतीही घोषणा झालेली नसताना, तेलाचे जागतिक भाव भडकल्यामुळे आणि धान्याच्या टंचाईमुळे भाववाढ पंचवीस टक्क्यांच्या घरात गेली. पुंजीला खरी कीड लागते ती भाववाढीची. अवमूल्यन हे त्या भाववाढीच्या अनेक वाटांपैकी एक वाट आहे. आजच्या विवेचनात एवढी एक गोष्ट ध्यानात राहिली तरी पुष्कळ झाले.

तिसरे अवमूल्यन १९९१ चे. त्या वर्षी परकीय चलन इतके आटले की मे महिन्यात वीस टन सोने परदेशी विकावे लागले आणि जुलैत सुमारे सत्तेचाळीस टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवावे लागले. १ आणि ३ जुलै अशा दोन टप्प्यांत रुपयाची किंमत एकूण सुमारे अठरा टक्क्यांनी उतरविण्यात आली. एकवीस रुपयांच्या आसपासचा डॉलर सव्वीसच्या जवळ गेला. १९९३ च्या मार्चपासून तर रुपयाचा दर मुख्यत्वे बाजारातच ठरू लागला. गरज पडल्यास रिझर्व्ह बँक डॉलर विकून किंवा घेऊन चढउतार सौम्य करते. त्यामुळे आता एका रात्रीच्या घोषणेने होणारे अवमूल्यन मागे पडले असून थोडी थोडी घसरण आपण पाहतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉलरने ८३ रुपयांची आणि डिसेंबर २०२४ मध्ये ८५ रुपयांची मर्यादा ओलांडली.

ही घसरण आपल्या गावापर्यंत कशी पोहोचते? आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक, आणि खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक, बाहेरून आणतो. पालाशयुक्त खत तर जवळजवळ सर्वच परदेशांतून येते. डॉलर महागला की डिझेल, तेलाचा डबा, खताची गोणी आणि मालमोटारीचे भाडे यांवर ताण पडतो. कधी सरकार अनुदान देऊन किंमत रोखून धरते, तेव्हा तोच भार तिजोरीवर पडतो. हा ओघ दुकानापर्यंत यावयास काही महिने लागतात. म्हणूनच त्याचा संबंध मूळ कारणाशी जोडणे सामान्य माणसास अवघड जाते.

अवमूल्यनाने सर्वांचेच नुकसान होते असेही नाही. कापसाचा भाव जगाच्या बाजाराशी बांधलेला आहे. रुपया उतरला की निर्यातदारास त्याच डॉलरचे अधिक रुपये मिळतात आणि त्यातील काही अंश कापूस उत्पादकापर्यंत येऊ शकतो. संत्र्याचे उदाहरण मात्र उलट बाजूने बोलके आहे. नागपुरी संत्र्याचे मोठे परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. २०२२ पासून तेथील टका डॉलरच्या तुलनेत घसरत गेला. मे २०२४ मध्ये एका डॉलरचा अधिकृत दर ११० टक्यांवरून ११७ टक्यांवर नेण्यात आला. डॉलरच्या चणचणीच्या याच काळात तेथे संत्र्यावरील आयातशुल्कही चढत होते; २०१९ साली किलोमागे २० टका असलेले शुल्क २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर गेले. ढाक्याच्या गिऱ्हाइकास संत्रे महाग झाले आणि विदर्भ व त्याच्या सीमेवरील बागाईतदारांचा माल देशातच पडून भाव कोसळला. आपला रुपया आहे तेथे असूनही दुसऱ्याच्या नाण्याचा फटका आपल्या बागेस बसू शकतो, तो असा.

सर्वांत अधिक झळ लागते ती ज्यांची मिळकत किंवा पुंजी ठरावीक रुपयांत बांधलेली आहे अशांना. निवृत्तिवेतनावर राहणारे वृद्ध, विम्याच्या रकमेवर संसार चालविणारी विधवा, खासगी शाळेतील अल्प पगाराचा शिक्षक, बोरगावच्या कारखान्यातील कंत्राटी कामगार, ही ती माणसे. भाव दरसाल सहा टक्क्यांनी वाढत राहिले, तर बारा वर्षांत ते दुप्पट होतात. अर्थात डब्यात जपून ठेवलेल्या दहा हजार रुपयांत बारा वर्षांनी आजच्या पाच हजारांचाच माल येईल. चोर आला नाही, वाळवी लागली नाही, नोट बाद झाली नाही, तरी निम्मी पुंजी गेली. प्रभू येशूच्या दृष्टांतातील भित्र्या चाकराने धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवले, आणि धनी रागावला तो व्याजही बुडाले म्हणून. आजच्या काळात त्या चाकराची मुद्दलाची किंमतही घटली असती.

शेजारच्या श्रीलंकेत २०२२ साली काय झाले ते आठवा. मार्चमध्ये दोनशे श्रीलंकन रुपयांच्या आसपास मिळणारा डॉलर मे महिन्यात साडेतीनशेच्या पुढे गेला, आणि सप्टेंबरात भाववाढ सत्तर टक्क्यांच्या जवळ पोहोचली. तेथेही नोटा बाद झाल्या नव्हत्या. ज्यांची सारी बचत रुपयांच्या ठेवीत होती, त्यांच्या पुस्तकातील आकडे जसेच्या तसे राहिले आणि बाजारातील पिशवी मात्र रिकामी होत गेली.

मग उपाय काय? कोणतीही एकच वस्तू सर्व संकटांतून तारत नाही, हे प्रथम मान्य करावे. पैसा केव्हा लागणार आहे, हे ठरवून त्याप्रमाणे तो वाटून ठेवणे, हाच सामान्य कुटुंबास झेपणारा मार्ग होय.

परंतु सर्वांच्या आधी कर्ज. शेकडा दोन रुपये दरमहा या दराने सावकाराचे पैसे घेतले असतील, तर ते वर्षाचे चोवीस टक्के होतात. इतके व्याज देणारी सुरक्षित ठेव जगात नाही. असे कर्ज फेडणे हीच पहिली बचत समजावी. भाववाढीने जुन्या कर्जाचे ओझे हलके होते, या आशेवर नवे कर्ज काढणे मात्र धोक्याचे आहे. कारण मिळकत तेवढी वाढेलच याची हमी कोणी देत नाही.

त्यानंतर येते वर्षभरात लागणारी रक्कम. बियाणे, मुलांची फी, आजारपण यांसाठी लागणारा पैसा बँकेत किंवा पोस्टात, हवा तेव्हा काढता येईल असा ठेवावा. यावर व्याज थोडे मिळेल. २०२२-२३ मध्ये भाववाढ ६.७ टक्के असताना बँकांच्या बचत खात्यावर तीन टक्क्यांच्या आसपासच व्याज मिळत होते. तरीही हे नुकसान सोसावे, कारण त्याच्या मोबदल्यात वेळेला पैसा हाती येतो. मात्र अशा खात्यात गरजेपेक्षा अधिक रक्कम वर्षानुवर्षे पडू देऊ नये. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदारास पाच लाख रुपयांपर्यंत ठेवविम्याचे संरक्षण मिळाले. हे संरक्षण रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकांना आहे. पतसंस्थेला किंवा आपसांतील भिशीला ते नाही. हा फरक पैसे ठेवण्यापूर्वीच विचारून घ्यावा.

तीन ते सात वर्षांनी लागणाऱ्या पैशांसाठी मुदतठेव, पोस्टाची राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे, किसान विकास पत्र इत्यादी साधने आहेत. येथे नुसता व्याजाचा दर पाहू नये. त्यातून भाववाढ वजा करून काय उरते ते पाहावे. २०२४-२५ मध्ये बचत प्रमाणपत्रावर ७.७ टक्के, ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेवर ८.२ टक्के व्याज होते, आणि त्या वर्षीची सरासरी भाववाढ ४.६ टक्के होती. म्हणजे खरी वाढ तीन-साडेतीन टक्के. कर लागू असल्यास त्याहून कमी. दर सरकार वेळोवेळी बदलते, तेव्हा पैसे गुंतविताना पोस्टातील फलक पाहावा. १९६८ साली सुरू झालेला भविष्य निर्वाह निधी पंधरा वर्षांचा असून त्याच्या व्याजावर प्राप्तिकर नाही. पगारदार नसलेल्या शेतकरी व दुकानदारांनाही तो उघडता येतो, हे आपल्याकडे फारसे माहीत नाही.

आता सोन्याविषयी. १९६६ साली दहा ग्रॅम सोने शंभर रुपयांच्या आत मिळत होते. २०२५ मध्ये त्याने एक लाखाची मर्यादा ओलांडली. आपल्या देशात सोने बहुतेक बाहेरूनच येत असल्यामुळे रुपया घसरला की सोन्याचा रुपयांतील भाव चढतो, आणि म्हणून अवमूल्यनाविरुद्ध ते काही अंशी ढालीचे काम करते. परंतु ही ढाल जड आहे. १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्याने घरात सोन्याच्या लगडी बाळगण्यास मनाई होती. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. भावही सदैव चढत नाही. २०१२ च्या अखेरीस एकतीस-बत्तीस हजारांच्या आसपास असलेला भाव २०१५ च्या जुलैत पंचवीस हजारांच्या जवळ उतरला होता. नागपूरच्या इतवारीतून दागिना आणला की घडणावळ जाते, आणि मोडताना घट धरली जाते. म्हणून दागिना हौसेसाठी घ्यावा. बचतीसाठी घ्यावयाचे तर घडणावळ थोडी असलेले, हॉलमार्कचे नाणे किंवा वळे बरे. आणि तेही एकूण पुंजीचा एक लहान भाग म्हणून. भीतीच्या लाटेत, चढत्या भावात, मुदतठेव मोडून सोने घेणे हा तोट्याचा व्यवहार ठरण्याची शक्यता अधिक असते.

जमीन, विहीर, संत्र्याची बाग यांची किंमत भाववाढीबरोबर बहुधा वाढते. पण बाग फळावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात, एका गारपिटीने बहार जातो, आणि रुग्णालयाचे देणे चुकविण्यासाठी बागेची एक ओळ विकता येत नाही. समभाग आणि म्युच्युअल फंड दीर्घ मुदतीत भाववाढीच्या पुढे जाऊ शकतात. मात्र ज्या पैशांवाचून दहा वर्षे अडणार नाही, तेवढेच तेथे ठेवावेत. १९६४ साली निघालेल्या युनिट ट्रस्टच्या 'युनिट ६४' योजनेवर लोकांचा सरकारी ठेवीइतकाच विश्वास होता. जुलै २००१ मध्ये तिची खरेदी-विक्री सहा महिन्यांकरिता थांबविण्यात आली, तेव्हा अनेक निवृत्त कुटुंबांची अडचण झाली. नाव मोठे असले तरी पैसा कोठे गुंतला आहे हे विचारण्याचा हक्क सोडू नये.

मुलांचे शिक्षण हीही एक गुंतवणूकच आहे. कारण कसब असलेल्या माणसाची मजुरी कालांतराने भावांबरोबर वाढते. मात्र मुलास परदेशी पाठविण्याचा विचार असेल तर डॉलरचा हिशेब आधीच करावा. वीस हजार डॉलरची फी २०१४ मध्ये सुमारे बारा लाख रुपये होती. तीच फी ८५ रुपयांच्या दराने सतरा लाख होते. अशा कुटुंबाने आजच्या दरावर नव्हे, तर चार-पाच वर्षांनंतरच्या घसरलेल्या दरावर तजवीज केली पाहिजे.

आणखी एक इशारा आवश्यक आहे. रुपया घसरल्याची बातमी ही ठकांची सुगी असते. "बँकेतले पैसे कुजतात, आमच्याकडे तीन वर्षांत दामदुप्पट" असे सांगणारे ओळखीचे, गोडबोले गृहस्थ याच सुमारास दारी येतात. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल सुमारे सव्वीस टक्के. हे व्याज प्रामाणिक धंद्यातून वर्षानुवर्षे कसे निघेल, एवढा एकच प्रश्न विचारावा. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ मध्ये झालेला आहे; परंतु गेलेला पैसा कायद्याने परत मिळण्यास फार काळ लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी कापसाचा चुकारा किंवा बागेचे पैसे हाती येतील, त्या दिवशी घरातील सर्वांनी, बायकांनीही, एकत्र बसून कागदावर तीन रकाने आखावेत: या वर्षी लागणारे, पाच-सात वर्षांनी लागणारे, आणि त्याहूनही पुढचे. प्रत्येक रकान्यात रक्कम लिहून तिच्यापुढे तिची जागा लिहावी. दर दिवाळीस तो कागद काढून त्यात आवश्यक ते फेरफार करावेत. इतके केलेले असले म्हणजे रुपया घसरल्याची बातमी आली तरी रात्रीतून सराफाकडे धावावे लागणार नाही.